परिषदेची पिशवी आणि गावचा प्रश्न

कुठल्याही परिषदेच्या दारात नावनोंदणी झाली की हातात एक पिशवी येते. आत पातळशी वही, कंपनीचं नाव छापलेलं पेन, कार्यक्रमपत्रिका, जेवणाचं कूपन, स्मरणिका आणि खतांपासून विम्यापर्यंतची दहा-बारा गुळगुळीत पत्रकं. गळ्यात अडकवायला एक बिल्ला. पहिल्यांदाच आलेला माणूस ती पिशवी मांडीवर घेऊन मधल्या रांगेत बसतो, दिवसभर मन लावून ऐकतो, तीन-चार पानं लिहितो, स्टॉलवरून आणखी पत्रकं गोळा करतो आणि रात्रीच्या गाडीनं परततो. महिन्याभरात पिशवी भाजीला लागते आणि वहीच्या कोऱ्या पानांवर पोरं गणितं सोडवतात. यात परिषदेचा दोष असतोच असं नाही, माणूसही आळशी नसतो. आपण नेमकं काय विचारायला चाललोय हे त्यानं ठरवलेलं नसतं, आणि आल्यावर काय आणलं हे त्याला कुणी विचारणार नसतं. पहिल्या परिषदेचं चीज होणार की नाही हे व्यासपीठावर कोण बसलंय यावर फार थोडं अवलंबून असतं, असं माझं मत आहे. जाणाऱ्यानं मागे राहिलेल्यांचा माणूस म्हणून जावं, त्यांचा एक प्रश्न सोबत न्यावा आणि परत येऊन त्यांच्यापुढे हिशेब मांडावा. एवढं जमलं तर पडेल व्याख्यानांची परिषदही फळते.

जालना–भोकरदन रस्त्यावरचं, पूर्णेकाठचं केदारखेडा घ्या. आजूबाजूला कापूस, मका, सोयाबीन, मिरची. अशा गावातला तिशीतला एखादा शेतकरी, दोन एकर नवी द्राक्षबाग, शेततळं आणि बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन, पहिल्यांदा पुण्याच्या द्राक्ष परिषदेला निघालाय असं धरू. ‘व्यावसायिक परिषद’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक येतात. शेतकऱ्यासाठी आपण मेळावा हा शब्द राखून ठेवलाय. मेळाव्यात पुढारी बोलतो, शेतकरी ऐकतो आणि दोघंही जेवायला उठतात. परिषदेत एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारतात, निदान विचारावेत अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० साली स्थापन झाला. त्याची वार्षिक परिषद साधारण ऑगस्टच्या सुमारास भरते आणि या वेळेला अर्थ आहे. एप्रिलची खरड छाटणी मागे पडलेली असते, काडी तयार होत आलेली असते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचे निर्णय पुढे उभे असतात. म्हणजे ऐकलेलं दोन महिन्यांत वेलीवर उतरणार असतं. इतकी जुळलेली वेळ डॉक्टरांच्या परिषदांनाही मिळत नाही. तरीही पहिल्यांदा आलेला माणूस तिथून ‘लई माहिती मिळाली’ एवढंच घेऊन परतला, तर तयारीत काहीतरी राहिलं असं म्हणावं लागतं.

ती तयारी अगदी साधी आहे. ‘द्राक्षात घड जिरतात, काय करावं?’ हा प्रश्न नव्हे, ही तक्रार आहे. व्यासपीठावरचा शास्त्रज्ञ तिला पाठ केलेलं उत्तर देतो, कारण त्याच्याकडेही दुसरं काही नसतं. आता हाच प्रश्न असा विचारून पाहा: जमीन काळी, मुक्त चुनखडीचं प्रमाण इतकं, शेततळ्याच्या आणि विहिरीच्या पाण्याचा ईसी (क्षारांचं मोजमाप) वेगवेगळा, बाग डॉगरीज खुंटावर, मागच्या वर्षी डोळे फुटायच्या वेळी आठ दिवस ढगाळ होतं, पानदेठ परीक्षणात पालाश कमी आलं, यातलं आधी काय दुरुस्त करू? हा प्रश्न कानावर पडला की तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकून बसतो. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे सभागृहात कुठेतरी बसलेला, तसल्याच जमिनीत तसल्याच पाण्यावर बाग वाढवणारा माणूस मान वळवून बघतो आणि चहाच्या वेळी स्वतः येऊन भेटतो. माती-पाण्याचा अहवाल, पानदेठाचा अहवाल आणि बागेच्या चार तारखा असा एक कागद खिशात असला, तर परिषदेच्या पिशवीतल्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्याची किंमत जास्त. गावातल्या आणखी तीन-चार बागांचे आकडे त्याच कागदाच्या पाठीमागे असतील तर दुधात साखर.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो आणि त्याचा पुरावाही आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इंग्रम आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखी वाढवण्यासाठी भरवलेल्या एका संध्याकाळच्या मेजवानीत त्यांनी शंभरेक व्यावसायिकांच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कुणाशी किती बोलतं ते मोजलं. नव्या लोकांना भेटायचं असं आधी बहुतेकांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते जुन्या ओळखीच्यांकडेच वळत राहिले. आपल्याकडे हे मोजायला यंत्र लागत नाही. जेवणाच्या मंडपात जालन्याची माणसं एका टेबलाशी, सांगलीची दुसऱ्या, नाशिकची तिसऱ्या, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. एकाच गाडीतून आलेले पाच जण दिवसभर एकमेकांच्या शेजारी बसतात आणि गाडीत झालेल्याच गप्पा पुन्हा मारतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं होतं की कामाची बातमी बहुधा दूरच्या ओळखीतून येते. ओळखीपाळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी तो बोलला, त्यांतल्या फक्त १६.७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून कळली. जवळच्या माणसाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच, एवढं साधं कारण त्यामागे आहे. तेव्हा एका गावचे पाच जण गेले तर त्यांनी सभागृहात पाच ठिकाणी बसावं. जेवताना तर नक्कीच.

बिल्ल्यावर नावाखाली गाव लिहिलेलं असतं, त्याचाही उपयोग आहे. केदारखेड्याचा तालुका भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या माणसांची नोंद सापडते. दोन हजार वर्षांपूर्वी या टापूतल्या कुणाचं तरी नाव शेकडो कोस दूरच्या दगडावर कोरलं गेलं आणि त्यासोबत गावही कोरलं गेलं. परक्या ठिकाणी माणसाची ओळख गावासकट सांगायची ही रीत जुनी आहे. ‘केदारखेडा, ता. भोकरदन’ हे वाचून समोरचा विचारतो, ‘म्हणजे जालन्याच्या वर? पाण्याचं कसं आहे तिकडं?’ आणि बोलणं सुरू होतं. गाव लहान म्हणून बिल्ल्यावर नुसतं ‘जालना’ लिहून घेणारे ही संधी घालवतात.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं आता मोबाइलवर मिळतं. छाटणीपासून पॅकिंगपर्यंत प्रत्येक कामाचा व्हिडिओ आहे, व्हॉट्सअॅपच्या गटात पानाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत सात औषधं सुचवली जातात. मग दोन दिवसांचं काम बुडवून पुणं कशाला गाठायचं? आक्षेपात तथ्य आहे. नुसतं व्याख्यान ऐकायचं असेल तर खरंच जाऊ नये, घरी बसून ऐकावं, मध्येच थांबवताही येतं. पण समोरासमोर बसण्यानं वेगळं काही घडतं, हे मोजून पाहिलं गेलंय. २०१२ साली आयझॅक चक्रीवादळामुळे अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांची न्यू ऑर्लिन्सची वार्षिक परिषद ऐनवेळी रद्द झाली. निबंध निवडलेले, तिकिटं काढलेली आणि परिषदच नाही. लिऑन आणि मॅकक्विलिन या दोन अर्थतज्ज्ञांनी पुढे या अपघाताचा अभ्यासासाठी उपयोग केला. सुमारे २९ हजार लेखांची तुलना करून त्यांनी असं काढलं, की परिषदेत मांडलेल्या लेखाची इतरांनी दखल घेण्याची शक्यता चार वर्षांत पाच टक्केबिंदूंनी वाढते. पाच म्हणजे काही डोंगर नाही. पण केवळ भेटल्यामुळे झालेली ही वाढ आहे. हार्वर्डच्या वैद्यकीय संशोधकांवर झालेला प्रयोग त्याहून बोलका. त्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या खोल्यांत वाटून ९० मिनिटं एकमेकांच्या कामाबद्दल बोलायला लावलं. एका खोलीत आलेल्या जोड्यांनी पुढे एकत्र अनुदानासाठी अर्ज करण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांनी जास्त निघालं. मूळ प्रमाण लहान होतं हे मान्य, तरी एकाच विद्यापीठातल्या, एकमेकांचे निबंध सहज वाचू शकणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. व्हिडिओ आपल्याला उत्तर देतो, पण उलट प्रश्न विचारत नाही. ‘तुमच्या पाण्याचा ईसी किती?’ हे समोरच्यानं विचारल्याशिवाय आपण तो मोजलेलाच नाही हे आपल्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. परिषदा कंपन्यांच्या पैशावर चालतात, स्टॉल त्यांचे, जेवण त्यांचं, कधी वक्तेही त्यांचेच. नवखा माणूस तिथे शिकतो कमी आणि विकत घेतो जास्त. जालन्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे हे बियाण्यांचं शहर झालं. चांगलं बियाणं आणि त्याची जाहिरात, दोन्ही या जिल्ह्यानं फार जवळून पाहिलंय. स्टॉलवरचा मुलगा खोटंच बोलतो असं नाही, पण त्याला त्याच्या बाटलीपुरतंच खरं सांगायला नेमलेलं असतं. ही गोष्ट किती महागात पडू शकते हे द्राक्षवाल्यांनी दोनदा भोगलंय. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकाचे अंश सापडले. त्यातून धडा घेऊन शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं २००६ साली ग्रेपनेट सुरू केलं आणि निर्यातीच्या बागेची नोंदणी, नमुने, तपासणी अशी साखळी उभी राहिली. तरी २०१० साली सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि युरोपला निघालेला माल अडकला. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून डोळ्यात घड भरावा म्हणून वर्षानुवर्षं वापरलं जाणारं हे औषध. फवारणी उन्हाळ्यात आणि अंश सापडला पुढच्या हंगामाच्या फळात. इतक्या लांबवर जाणारा परिणाम कुठल्याही पत्रकावर छापलेला नव्हता.

म्हणून स्टॉल टाळावेत का? मुळीच नाही. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे असतात, एवढंच. या औषधाला द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मंजुरी, आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं, कुठल्या देशात अंशाची मर्यादा किती, आणि शेवटचा, सगळ्यात उपयोगी: माझ्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत हे कुठल्या गावात वापरलंय, त्या शेतकऱ्याचा नंबर द्या. चौथ्या प्रश्नावर बरेच स्टॉल शांत होतात. जे नंबर देतात ते खरे कामाचे. मांजरीला, पुण्याच्या वेशीवर, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. परिषदेत ऐकलेला दावा तिथल्या शिफारशीशी ताडून पाहायला फोन पुरतो. विकणारा आणि शिकवणारा एकाच मंडपात असतात हे खरं, पण दोघांना दोन वेगळे प्रश्न विचारायची अक्कल पहिल्याच परिषदेत आली, तर प्रवेश फी वसूल झाली असं समजायला हरकत नाही.

प्राध्यापकांच्या परिषदांबद्दल इथे थोडं बोललं पाहिजे, कारण ‘परिषद म्हणजे प्रमाणपत्र’ ही समजूत तिकडूनच गावापर्यंत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी निबंधवाचनाला गुण लावले: आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर १०, राष्ट्रीय ७.५, राज्य पातळीवर ५, स्थानिक ३. त्यानंतर तालुक्याच्या कॉलेजातही ‘राष्ट्रीय चर्चासत्रं’ भरू लागली. सकाळी उद्घाटन, दुपारी एका तासात पंधरा निबंध, संध्याकाळी प्रमाणपत्रं. ज्या गोष्टीला गुण मिळतात ती वाढते, आणि निबंध वाचल्याला गुण होते, ऐकल्याला किंवा प्रश्न विचारल्याला नव्हते. तरुण प्राध्यापकानं पहिली परिषद अशी पाहिली तर तो आयुष्यभर परिषदेत स्वतःची पाळी झाली की बाहेर पडतो. शेतकऱ्याच्या बाबतीत गुणांची भानगड नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पण मग शेतकऱ्याच्या बाबतीत काय मोजायचं? माझं उत्तर: परत आल्यावर किती जणांना सांगितलं ते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं २००३ साली देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं, की नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते. दहातल्या सहा घरांनी कुठूनच नाही असं सांगितलं. ज्यांना मिळत होती त्यांच्यात सगळ्यात मोठा आकडा ‘दुसरा प्रगत शेतकरी’ याचा होता, एकूण घरांच्या १६.७ टक्के. त्याखालोखाल कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, १३.१ टक्के. कृषी विज्ञान केंद्राचं नाव घेणारे ०.७ टक्के. आकडे जुने आहेत, मध्ये मोबाइल आला, तरी शेजारच्याचं शेत बघून आपलं ठरवायची रीत बदललेली नाही. मात्र शेजारी आपण होऊन सांगतोच असं नाही. मलावी देशात बेनयिशे आणि मोबारक यांनी केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. नवं तंत्र गावाला शिकवायचं काम कुठे सरकारी कर्मचाऱ्याला दिलं, कुठे गावातल्या पुढारलेल्या शेतकऱ्याला, कुठे इतरांसारख्याच साध्या शेतकऱ्यांना. काही गावांत, शेजारी खरंच शिकले तर लहानसं बक्षीस, अशी अटही घातली. बक्षीस होतं तिथे साधे शेतकरीच सगळ्यात चांगले शिक्षक ठरले, कारण ऐकणाऱ्याला वाटलं, याची जमीन माझ्यासारखी, याला जमलं तर मलाही जमेल. बक्षीस नव्हतं तिथे त्यांनी स्वतःही फारसं शिकून घेतलं नाही. सांगायचं आहे हे ठाऊक असलेला माणूस ऐकतोही वेगळ्या कानानं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, तोही यावरून सुटतो. गाडीभाडं, मुक्काम, नावनोंदणी, दोन दिवसांची मजुरी. लहान शेतकऱ्याला एकट्याला हे जड जातं. दहा बागायतदारांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला एका फवारणीपेक्षा कमी येतं. कृषी विभागाच्या आत्मा योजनेत अभ्यासदौऱ्यांची सोय आहे, शेतकरी उत्पादक कंपन्याही आता तालुक्या-तालुक्यात आहेत. ज्याच्या खिशात दहा जणांचे पैसे आहेत तो दुपारच्या सत्रात डुलकी काढत नाही. आणि मोठ्या सभेत उभं राहून बोलायची भीती वाटत असेल, तर तालीम जवळच होते. जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या काळापासून दर महिन्याला शेतकऱ्यांची चर्चासत्रं भरत आली आहेत. याच केंद्राच्या मदतीनं जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावानं १९९६ पासून पाणलोटाची कामं केली आणि शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षं उभी केली. मराठवाड्यातल्या जमिनीवर, मराठवाड्यातल्या पाण्यावर प्रश्न कसा विचारायचा हे आधी तिथे शिकावं. पुणं पळून जात नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात अवघड वाटतो: परिषद कुणाची? १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजची साहित्य संमेलनं आपलं मूळ तिथे सांगतात. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांना दोन वर्षं झाली होती. ते गेले नाहीत. पत्र लिहून त्यांनी कळवलं की शूद्रातिशूद्रांना जे माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही. खुर्ची मिळणं वेगळं आणि आपलं दुखणं त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर असणं वेगळं, हा तो मुद्दा होता आणि तो संपलेला नाही. द्राक्षाच्या बागेत घडांची विरळणी, जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणं, काढणी, पॅकिंग यातलं बरंचसं काम बायका करतात. कुठल्या मण्याला डाग पडतोय, द्रावणानं हाताची कातडी कशी जाते, हे त्यांना आधी कळतं. परिषदेच्या बिल्ल्यावर मात्र सातबाऱ्यावरचं नाव येतं आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. म्हणजे ज्या हातांना प्रश्न ठाऊक आहे ते हात सभागृहात नाहीत. फुल्यांसारखा बहिष्कार हे त्यावरचं एक उत्तर आहे, ते मी नाकारणार नाही. पण गावानं पाठवायचं असेल तर दोन बिल्ल्यांतला एक बाईचा असावा, आणि न गेलेल्यांचा प्रश्नही कागदावर शब्दशः उतरवून न्यावा, सभ्य भाषेत घोटून नव्हे.

आणि मग परतीची संध्याकाळ. केदारखेड्यात पारावर किंवा कुणाच्या गोठ्यासमोर दहा-पंधरा माणसं, एक चहाची किटली, मध्ये ती पिशवी. जाऊन आलेला सांगायला लागतो, सभागृह केवढं होतं, अमुक मंत्री आले होते, जेवण बरं होतं. दोन मिनिटं सगळे ऐकून घेतात. मग मागून कुणीतरी, बहुतेक ज्याच्या बागेचे आकडे कागदाच्या पाठीमागे होते तोच, विचारतो: ‘ते राहू दे भाऊ, आपल्या चुनखडीचं काय म्हणले?’